न तुटलेला पट्टा

हॅलो?… हॅलो, कोण?… काही ऐकू येत नाहीये, नुसता वारा शिरतोय कानात… अगं, तू होय. मग तसं सांग ना, मावशी, मी बोलतेय म्हणून. मला वाटलं कुणी ट्रकच्या टपावर बसून फोन करतंय.

बोल. किती फाटल्या?

अगं, फाटल्या असणारच. तीन दिवस असला वारा-पाऊस, आणि तुझे घोडे काही पत्त्यांचा डाव मांडून बसणार नाहीत. पावसाकडे पाठ करून उभं राहायचं आणि कंटाळा आला की शेजाऱ्याची झूल दातांत धरून ओढायची, एवढंच येतं त्यांना…

हो, हो… नाही, आधी माझं ऐक. ओल्या झुली पाठवू नकोस. मागच्या वेळी चिखलासकट आणून टाकल्यास, आठवडाभर दुकानात घोडा बांधल्यासारखा वास येत होता. एक बाई सोफ्याचं कव्हर घेऊन आल्या, नाकाला पदर लावला आणि दारातूनच परत गेल्या. वाळव, झटक आणि मग…

एक मिनिट हं. दादा, तुमची गादी झालीच आहे, चेन तेवढी बसवायची राहिलीय. बसा ना स्टुलावर. भाची आहे माझी. घोड्यावर बसायला शिकवतात ना, गावाबाहेर, तिथले घोडे सांभाळते ही. आणि घोड्यांनी एकमेकांच्या झुली फाडल्या की त्या येतात माझ्याकडे. हो, झुली. थंडीपावसात पाठीवर घालतात त्या.

हं, बोल गं.

काय, नाही फाटल्या?

एकही नाही?

अगं, पण तो तपकिरी धटिंगण आहे ना तिथंच, टवाळ?… मग?… ओढल्या त्यानं, आणि तरी फाटल्या नाहीत. बघ. नाही, बघच तू. मी काय म्हणाले होते, या खेपेला फाटल्या तर मशीन विकून टाकीन. म्हणाले होते की नाही?

आणि तुमच्या तबेल्याच्या मालकीणबाईंच्या समोर तू काय म्हणाली होतीस?… विसरलीस. मी नाही विसरले. ‘मावशीची शिलाई म्हणजे पाहुणी, दोन दिवस राहते आणि जाते.’ सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले, हो, हसले. पण आता सांग त्यांना…

काय?

तू रडतेयस का?… ही सर्दी नव्हे. तुला दुपट्यात गुंडाळलेली असल्यापासून ओळखते मी. काय झालं?

कोण पडला?… आजोबा?… आजोबा म्हणजे घोडा ना?… हं. नाही गं, तुझे आजोबा जाऊन किती वर्षं झाली, तरी क्षणभर तेच आले डोळ्यांसमोर. आपला पांढरा आजोबा. पोरांचा.

कुठं पडला?… कुंपणापाशी. कधी?… तुलाही माहीत नाही. सकाळी चारा घेऊन गेलीस तेव्हा पडलेलाच होता. चिखलात. आणि बाकीचे दोघं बाजूला उभे.

अगं, सावकाश. सावकाश सांग. वाऱ्यात निम्मं उडून जातंय.

टवाळनं झूल धरली… हो, नेहमीसारखी… आणि ओढत बसला. झूल पाठीवरून फिरली… पोटाखाली गेली. आणि आजोबाचा मागचा पाय…

कुठल्या पट्ट्यात?

मांडीच्या.

आणि तो पट्टा…

तुटला नाही.

नाही, नाही, इथंच आहे. ऐकतेय. मशीन बंद केलं, म्हणून शांत वाटतंय तुला.

हं… हं… चौघांनी मिळून उठवला. फळी घालून, दोर लावून. आणि उठला?… तीन पायांवर. चौथा टेकवत नाहीये. एका डोळ्याच्या वर सोललंय, कुंपणाचा खांब लागला असणार. थंडीनं कापतोय… मोठ्या गोदामात नेलात, वाळक्या गवतावर. हो, तेवढंच कोरडं असेल आता.

नाही गं. तुझी कशी चूक?… तबेल्याचं छप्पर उडालं, आत घोटाभर पाणी, तू तरी काय करणार होतीस? बाहेर सोडलेस, अंगावर झुली घातल्यास. सगळे तेच करतात… टवाळला वेगळं ठेवायला हवं होतं असं आता वाटतं, पण आधी कुणाला सुचतं… हो ना. जनावरंच ती… हो. वारा केवढा होता. इथं माझ्या दुकानाची पाटी पडली… रडू नकोस. तुझी चूक नाही म्हटलं ना. कुणाचीच नाही. असं होतं कधी कधी.

डॉक्टर आले?… आत त्याच्यापाशीच आहेत. मग झालं तर. ते बघतील. जनावरांच्या डॉक्टरांना रोजचंच असतं हे… हो. मग संध्याकाळी बोलू आपण. इथं हे दादा थांबलेत कधीचे, त्यांच्या गादीची चेन… हो. चहा घे थोडा. ठेवते हं.

अगं.

अगं, थांब. ठेवू नकोस. आहेस?

तो पट्टा कशानं कापलात?

सुरी घसरत होती… आणि तो लाथा झाडत होता… विळाही चालला नाही. मग?… लोखंड कापायची करवत. कुणाकडे होती?… गवंड्याकडे. तो येईपर्यंत?… तसाच. पाय अडकलेला, अंग चिखलात, आणि तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन… किती वेळ?… अंदाजे सांग.

वीस मिनिटं.

दादा, तुम्ही उद्या या. नाही, येऊ नका, मीच घरी आणून देते गादी. पैशांचं राहू दे. जाताना दार तेवढं ओढून घ्या, वारा येतोय.

हं. गेले ते. आता ऐक. टवाळ आणि ती भुरी घोडी कुठं आहेत?… बाहेरच? अजून?… आणि झुली?… अंगावर आहेत. गेल्या आठवड्यात मी तीन पाठवल्या, त्यातल्याच दोन.

त्या काढ.

आत्ता. पाऊस असू दे. भिजले तर पुसता येतात… नाही, डॉक्टर बाहेर येईपर्यंत थांबू नकोस. अगं ऐक ना, वाद घालू नकोस, का ते सांगते मी, चालता चालता ऐक. रेनकोट घातलायस?… मग नीघ. आणि मोठी कात्री घे, झाडं छाटायची. घोड्याच्या अंगाजवळ न्यायची आहे, जपून. हं… मिळाली?… चल.

कुठल्या कोपऱ्यात आहेत?… पार पलीकडे. बरं. मग तेवढ्यात होतं माझं सांगून.

मांडीचा पट्टा तुटायचा असतो.

तुटायचा असतो म्हटलं. फाटतो तो शिलाई वाईट म्हणून नाही, तसाच शिवतात तो. छातीचा पट्टा पक्का, पाठीवरचं कापड पक्कं, सगळं पक्कं. फक्त मागच्या मांड्यांभोवती फिरवतो ते दोन पट्टे साध्या सुती दोऱ्यानं जोडायचे. तीन टाके, बस. घोड्याचा पाय अडकला, दुसऱ्यानं ओढलं, की तो दोरा पहिल्यांदा गेला पाहिजे. झूल गेली तर जाऊ दे, घोडा मोकळा व्हायला हवा… हो. म्हणून तर दर दोन दिवसांनी तुला त्या माझ्याकडे आणाव्या लागायच्या. इतक्या वर्षांत एकाही घोड्याला कधी ओरखडा आला नाही, तो त्या कच्च्या टाक्यांमुळं.

तुझ्या काकांनी शिकवलं मला. लग्न होऊन आले त्या वर्षी पहिली झूल त्यांनी हातात दिली, मी सगळी मशीननं दणदणीत शिवून दाखवली. त्यांनी मांडीचे पट्टे तेवढे उसवले आणि परत दिली. ओरडले नाहीत. म्हणाले, इथं आपली कारागिरी दाखवायची नाही.

नाही सांगितलं. तुला नाही सांगितलं कधी… का म्हणजे… आधी वाटायचं, तुला माहीत असणार, घोड्यांत वावरतेस. मग लक्षात आलं, हिला नाही माहीत. तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर बहाणा केल्यासारखं होईल. शिलाई टिकत नाही म्हणून म्हातारी काहीतरी कारण सांगतेय, असं. आणि खरं सांगू का?… मानी आहे मी. तुझ्या आईला विचार.

मग तू त्या दिवशी तसं म्हणालीस. वर माझ्या डोळ्यांचंही म्हणालीस. ‘मावशीला आता सुईचं भोक कुठं दिसतं.’… अगं, चेष्टेनंच म्हणालीस, कळत नाही का मला. पण दिसत नाही ते खरंच आहे ना. दोरा ओवायला तीन-तीनदा ओलं करावं लागतं टोक. ते लोकांसमोर आलं, आणि मी घरी आले ती धुमसतच.

दुकानात जुन्या गाडीच्या सीटबेल्टची पट्टी होती गुंडाळी करून ठेवलेली. ती काढली. नायलॉनचा दोरा चार पदरी केला, मेण चोळलं. मशीननं चौकोन मारला, चौकोनात फुली मारली, वर परत दाभणानं हातशिलाई. दोन दिवस बसले तिन्ही झुलींना. बोटं सोलून निघाली. म्हटलं, आता ओढा म्हणावं.

आणि शिवताना मला ठाऊक होतं.

हो. विसरले नव्हते. विसरले असते तर निदान… नाही, ठाऊक होतं. एका बाजूचे पट्टे झाले तेव्हा वाटलंही, दुसऱ्या बाजूचे तरी कच्चे ठेवावेत. नाही ठेवले. आजोबाची झूल तर सगळ्यात आधी केली. त्याचीच फार फाटायची ना, तो गरीब, टवाळनं ओढलं तरी उभा राहतो. माप घ्यायला आले होते तेव्हा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा होता, टेप नीट धरता येईना. माझ्या हातातला खडू खाल्ला त्यानं…

घोड्यांचा राग नव्हता गं मला. तुझा होता.

आहेस ना?

बोल काहीतरी. नाहीतर बोलू नकोस, चालत राहा.

पोहोचलीस. कोण आहे जवळ?… भुरी. शांत आहे का?… ठीक. छातीकडचं, पोटाचं तुझं तू बघ, त्यातलं तुला जास्त कळतं. मांडीचं मला विचार… बक्कल निघत नाही?… नाही निघणार. चिखल भरून पट्टी गच्च झाली असणार. आणि टोक मी दुमडून जाड शिवलंय, आपोआप सुटू नये म्हणून… हो. तेही मीच केलंय.

कात्री घे. पट्ट्याच्या नादी लागू नकोस, त्यात अर्धा दिवस जाईल. पट्टा जिथं झुलीला जोडलाय ना, तिथं चौकोन दिसतोय? फुलीचा?… त्याच्या चार बोटं वर, कॅनव्हास काप. झूलच काप, हो… नवी असली तर असू दे. कापड कापलं जाईल, माझी शिलाई नाही कापली जाणार… कात्रीचं टोक बाहेरच्या बाजूला ठेव. तिच्या पायाकडे नको. तिच्याशी बोलत राहा… माझ्याशी नको, तिच्याशी बोल. मी थांबते.

हं… हं…

निघाला एक. आता दुसरा… हलली? थांब, घाई नको… हं. गेला? दोन्ही?… गेली झूल. बरं. आता टवाळ.

काय करतोय?… तुझा रेनकोट ओढतोय. दे एक ठेवून… नको, नको मारूस त्याला. त्याला काय कळतंय. तो रोज करतो तेच करतोय.

तसंच. चार बोटं वर… त्याची कमी ओली असेल… निघाली?… सगळी? मांडीभोवती काही राहिलं नाही ना? हात फिरवून बघ… बरं. त्या झुली तिथं टाकू नकोस, परत पाय अडकेल कुणाचा. कुंपणाबाहेर फेक.

आता कोरडं फडकं घे आणि दोघांना…

काय म्हणालीस?

हो.

हो, ऐकत होते. तू ‘माझी चूक, माझी चूक’ म्हणत होतीस आणि मी ऐकत होते. तू ‘मांडीच्या पट्ट्यात’ म्हणालीस तेव्हाच कळलं होतं मला… त्याच क्षणी. त्यानंतरही मी ‘कुणाचीच नाही’ म्हणाले. ठेवतेही म्हणाले… हो. गादीचं कारण सांगितलं. ठेवलाच असता फोन. तुला तसंच रडत सोडून.

नाही, काही समजावत नाहीये. म्हण तू. तुला म्हणायचंय ते सगळं म्हण.

…

हो… हो… त्याच्यावरच बसायला शिकलीस, माहीत आहे मला. मीच नेलं होतं तुला तिथं, आईला न सांगता. खाली उतरायलाच तयार नव्हतीस…

भीती वाटली. आणखी काय सांगू. तू परत मावशी म्हणणार नाहीस अशी भीती वाटली. घोडा थंडीत कापत उभा आणि मला माझीच पडली होती. असं आहे ते.

कोण हाक मारतंय?… डॉक्टर. जा, जा, पळ. नाही, सांभाळून जा, चिखल आहे. फोन चालू ठेव. मी काही बोलत नाही.

…

…

हं?… नीट सांग. हाड मोडलं नाही. नक्की?… देवा. आणि?… शीर ताणली गेलीय, तुटली नाही. दोन-अडीच महिने बांधून ठेवायचं, पट्ट्या, औषध. जगेल म्हणाले ना?… जगेल. चालेलही. लंगडत.

आणि पोरं?… नाही बसायचं. कधीच?… कुणीच.

हं.

नाही, बरं झालं म्हणायला हवं, आहे मला कळत. तरी… शनिवारी ती छोटी मुलं येतील, गाजरं घेऊन…

मालकीणबाई आल्या का?… आत्ताच गाडी आली. त्या तर तो शिंगरू होता तेव्हापासून त्याला… हो. काय सांगणार आहेस त्यांना?

‘वारा होता, झूल फिरली.’ एवढंच?

अगं… नाही, मला कळतंय तू काय करतेयस ते. इतकं बोललीस मला आत्ता, आणि तरी माझं नाव घेणार नाहीस म्हणतेस. नको. असं करू नकोस माझ्यासाठी. मग तो दोष तुझ्यावरच बसेल, घोडे तू सांभाळतेस. आणि मी बसू देईन, बघ तू. आज एकदा देतच होते.

फोन दे त्यांना… दे गं. आत्ता नाही दिलास तर संध्याकाळपर्यंत मी काहीतरी दुसरं शोधून काढीन. नायलॉन वाईट होतं, ऑर्डर घाईची होती, काहीही. मी मला ओळखते. दे.

…

नमस्कार… हो, मीच, झुली शिवते ती. हिची मावशी… नाही, तिनं नाही, मीच मागितला फोन.

आजोबा पडला तो माझ्यामुळं. मांडीचा पट्टा ओढल्यावर तुटेल असा शिवायचा असतो. मला माहीत होतं. मी तुटणार नाही असा शिवला… मुद्दाम… नाही, घोड्याला काही व्हावं म्हणून नाही हो. माझ्या शिलाईला तुम्ही सगळ्या हसला होतात, म्हणून… हो. एवढ्यावरून.

हिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आत्ता सांगितलं तिला मी, अर्ध्या तासापूर्वी… नाही, तिला वाचवत नाहीये. बाकीच्या दोघांच्या झुली तिनं जाऊन कापल्या म्हणून ते दोघं तरी…

हो… ऐकतेय. बोला तुम्ही.

…

हो… बरोबर आहे… हो. बरं. यापुढं नका पाठवू… नाही, राग कसला, तेच योग्य आहे. फक्त एक करा. नवीन ज्या कुणाकडे द्याल त्यांना मांडीच्या पट्ट्याचं सांगा. सुती दोरा, तीन टाके. त्यांना माहीत असेलच असं समजून गप्प राहू नका… हो, माझ्यावरूनच म्हणतेय.

ती शेजारी आहे का?… रडतेय?… बरं. तिला द्या फोन असं नाही म्हणत मी. जेवली नसेल ती सकाळपासून, एवढं बघा.

आणखी एक विचारू?… त्याला बघायला येऊ का?… आत नाही येणार… गेटपासून दिसतो तो, गोदामाचं दार उघडं असलं तर?… मग गेटपासूनच… आज नको. बरं… उद्याही नको… हो, चालेल, तुम्ही म्हणाल तेव्हा… नाही, हाकही मारणार नाही त्याला. आवाज ओळखतो माझा, उगाच पायावर भार देऊन यायला बघेल.

हो… ठेवा तुम्ही. ठेवते मी.